सर्व्होची बैठक: पत्रं तुमची, उत्तरं आमची

रेडिओ कंट्रोलच्या विमानांबद्दल आलेल्या पत्रांमधून या खेपेला एकाच विषयाची पत्रं वेगळी काढली आहेत. सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर) कोणता घ्यावा, किती किलोचा घ्यावा, यावर सगळेच बोलतात. तो ज्या जागी बसतो त्या जागेची आठवण मात्र विमान पडल्यावरच होते. पत्रं लांब होती, कामापुरती ठेवली आहेत.

प्रश्न: कागदी थराच्या फोम बोर्डाचं १२०० मि.मी. पंखाचं ट्रेनर (शिकाऊ विमान) बनवलं. ९ ग्रॅमचे चार सर्व्हो ग्लू गनने चिकटवले. हिवाळाभर मस्त उडालं. एप्रिलात दुपारी वावरात नेलं, तासभर धुऱ्यावर ठेवलं आणि उडवलं तर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) ऐकेचना. कसंबसं उतरवलं. पाहतो तर सर्व्हो आपल्या खाचेतच तिरपा झालेला. आता कोणता गोंद वापरू?
*(एक वाचक, दर्यापूर तालुका)*

गोंद बदलून भागणार नाही, बांधणी बदलावी लागेल. त्याआधी तो सर्व्हो उपसून हातात घ्या आणि त्याच्या अंगाला लागून आलेला गोंद उजेडात बघा. गोंदाला पांढऱ्या फोमचे कण किंवा कागदाचा पापुद्रा चिकटून आला असेल, तर गोंद टिकला, फोम फाटला. गोंदाची बाजू काचेसारखी चकचकीत आणि कोरी असेल, तर त्याने मुळात धरलंच नव्हतं; सर्व्होचं गुळगुळीत प्लास्टिक आणि त्यावरचं स्टिकर या दोन्हींवर ग्लू गनचा गोंद बेताचाच बसतो. आणि गोंद एका बाजूला ताणलेला, कडा गोलावलेल्या असं दिसलं, तर काम उन्हाचं. तुमच्या वर्णनावरून हे तिसरं प्रकरण आहे.

ग्लू गनची कांडी वितळायला बरीच उष्णता लागते, पण सरकायला तेवढी लागत नाही. बाहेर ४४-४५ अंश असताना उन्हात ठेवलेल्या गडद रंगाच्या विमानाच्या पोटात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत तापमान साठ-सत्तरच्या घरात जातं. त्या वेळी हा गोंद बोटाला घट्टच लागतो, पण एकाच दिशेने ओढ लागत राहिली की पाकासारखा हळूहळू चालायला लागतो. एलेरॉनवरचा हवेचा दाब ही तशीच ओढ. डिसेंबरच्या पहाटे हाच गोंद उलट कडक होतो आणि उतरतानाच्या एका धक्क्याने टक्कन सुटतो. दोन्ही ऋतू काढायचे असतील तर सर्व्हो गोंदाच्या भरवशावर ठेवू नये, हे आमचं मत पक्कं आहे. दुहेरी फोम टेपचंही तेच. ती रिसिव्हरला ठीक, सर्व्होला नाही. सर्व्हो स्क्रूने लाकडाला धरलेला, लाकूड गोंदाने फोमला लावलेलं आणि लाकडाची एक कड स्पारला (पंखातल्या लांब मुख्य दांडीला) टेकलेली, अशी साखळी हवी.

ओढ किती असते, त्याचा अंदाज घ्या. एसजी९० नावाने मिळणाऱ्या सर्व्होचा टॉर्क ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंमी सांगतात. पुशरॉड (सर्व्होची ओढ हलत्या भागापर्यंत नेणारी तार) आर्मच्या, म्हणजे सर्व्होवर फिरणाऱ्या दांड्याच्या, १ सेंमीवरच्या भोकात असेल तर जास्तीत जास्त ओढ १.८ किलो, ८ मि.मी.वरच्या भोकात असेल तर सव्वादोन किलो. ही ओढ सर्व्होच्या कानांच्या (स्क्रू लावायच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांच्या) पातळीत नसते, त्यांच्या साधारण सव्वा सेंमी वर असते. म्हणून ती सर्व्होला नुसती ओढत नाही, उपटायला बघते: एक कान उचलला जातो, दुसरा दाबला जातो. दोन स्क्रूंमधलं अंतर २८ मि.मी. धरलं तर उचलणाऱ्या बाजूच्या स्क्रूवर पाऊण-एक किलोचा जोर येतो. लाकडात नीट बसलेल्या स्क्रूला हे किरकोळ आहे. पाच मि.मी. फोमच्या कापलेल्या कडेला मात्र जड जातं, तेही दर सेकंदाला उलटसुलट.

आता करायचं असं. २ मि.मी. प्लायचा (न मिळाल्यास ३ मि.मी.चा) ५० × ३० मि.मी. तुकडा कापा, ही सर्व्होची पाटी. त्यात सर्व्होच्या अंगाची खाच काढा. या सर्व्होचं अंग साधारण २३ × १२ मि.मी. भरतं, पण नकली मालात फरक असतो. आपला सर्व्हो मोजा आणि प्रत्येक मापाला अर्धा मि.मी. सूट द्या. खाच घट्ट झाली तर सर्व्हो ठोकून बसवू नका, कानसीने घासा. वायर बाहेर पडते त्या टोकाला खाचेला आणखी एक छोटा कट हवा, नाहीतर वायर तिथंच चिमटते आणि काही महिन्यांनी आतून तुटते.

जिथं स्क्रू येणार त्या दोन जागी प्लायच्या खालून आइस्क्रीमच्या काडीचा १० मि.मी. तुकडा अॅराल्डाइटने किंवा फेविकॉलने लावा. काडीचे तंतू प्लायच्या वरच्या थराला आडवे ठेवा. म्हणजे स्क्रूला साधारण ४ मि.मी. लाकूड मिळेल. १ मि.मी.चं भोक पाडा, स्क्रू एकदा आत घालून पूर्ण बाहेर काढा आणि त्या भोकात पातळ सीएचा (सुपरग्लूचा) एकच थेंब सोडा. थेंब क्षणात आत ओढला जातो आणि भोकाभोवतीचं लाकूड ओलं झाल्यासारखं गडद होतं. ते गडद कडं दोन-तीन मि.मी. पसरलं की पुरे. दहा मिनिटं वाळू द्या, मग स्क्रू परत फिरवा. आता लाकडात टणक आटे पडलेले असतात. हे सगळं सर्व्हो बाजूला ठेवून करायचं. सीए फटीतून सर्व्होच्या आत गेलं की गिअर जाम होतात आणि तो सर्व्हो कचऱ्यात जातो. सीए थर्मोकोलसारखा फोम खातं हेही विसरू नका. म्हणून हे काम पाटी पंखात बसवायच्या आधीच उरका.

पाटी पंखाच्या आतल्या बाजूने लावता आली तर उत्तम, म्हणजे सर्व्होची ओढ कातडी सोलण्याऐवजी कातडीवर दाबली जाते. पंख आधीच बंद असेल तर बाहेरून लावा, पण तेवढ्या जागेवरच्या कागदाला टाचणीने जवळजवळ तीस-चाळीस भोकं पाडा, म्हणजे गोंद कागदाखाली उतरेल. नाहीतर पाटी कागदाला चिकटते आणि कागद फोमपासून सुटतो. गोंद तीस मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) घ्या. पाच मिनिटांचा इपॉक्सी उष्णतेत लवकर मऊ पडतो, शिवाय मे महिन्यात तो पाच मिनिटंही थांबत नाही, कालवता कालवताच घट्ट व्हायला लागतो. फेविकॉल चालेल, पण फोमखाली त्याला हवा लागत नाही. रात्रभर नव्हे, पूर्ण दिवस दाबून ठेवा.

शेवटचं आणि सगळ्यांत जास्त वेळा राहून जाणारं काम: पाटीची लांब कड स्पारला चिकटवा. स्पार पाटीपासून दूर असेल तर ३ मि.मी.च्या दोन बांबूच्या कमच्या पाटीपासून स्पारपर्यंत नेऊन बसवा. एवढं सगळं मिळून एका सर्व्होमागे चार-पाच ग्रॅम वाढतात. १२०० मि.मी.च्या ट्रेनरला ते कळतही नाहीत.

प्रश्न: सर्व्होचा स्क्रू नुसता गोल फिरतो, घट्टच होत नाही. मोठा स्क्रू टाकला तर चालेल का?
*(एक वाचक, मूर्तिजापूर)*

नका टाकू. मोठ्या स्क्रूने सर्व्होचा कान चिरतो, आणि कान गेला की सर्व्हो गेला. टूथपिक इपॉक्सीत बुडवून भोकात ठोका, वाळल्यावर कड सपाट कापा, नवं १ मि.मी.चं भोक पाडा आणि वर सांगितलेली पातळ सीएची युक्ती करा. भोक पाडताना ड्रिल नसेल तर हातात धरायची छोटी पिन-व्हाइस घ्या. तापवलेल्या सुईने भोक पाडू नका. जळलेलं लाकूड भुगा होतं आणि आटे धरत नाही. स्क्रू परत ढिला झालाच तर दोष स्क्रूचा नाही, खालचं लाकूड कमी आहे. खालून तुकडा लावा.

प्रश्न: ४० साइझच्या ग्लो (इंधनावरच्या छोट्या) इंजिनचं बाल्साचं (फार हलक्या लाकडाचं) ट्रेनर जुनं विकत घेतलं आहे. रडर (शेपटीचं उभं सुकाणू), एलिव्हेटर (शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) आणि थ्रॉटलचे स्टँडर्ड सर्व्हो लाकडी दांड्यांवर आहेत, पण रबर काढून थेट स्क्रूने आवळलेले. आधीच्या मालकाने सांगितलं, रबर असलं की सर्व्हो हलतो. खरं का? दांड्या पण एका बाजूने सुटल्या आहेत.
*(एक वाचक, वणी)*

अर्धं खरं. रबर असलं की सर्व्हो थोडा हलतो, आणि त्याने हलावं म्हणूनच ते दिलेलं असतं. ४० साइझचं, म्हणजे सुमारे साडेसहा सीसीचं इंजिन मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरतं. त्याची थरथर सर्व्होच्या आतल्या पोटेन्शिओमीटरपर्यंत (आर्म कुठं आहे ते ओळखणाऱ्या भागापर्यंत) थेट गेली की तिथली पट्टी झिजते आणि सर्व्हो एका जागी उभा राहूनही फडफडायला लागतो. विजेच्या मोटरवरच्या विमानात रबराशिवाय चालून जातं. इंजिनावर नाही.

रबराबरोबर एक छोटी पितळी आयलेट (टोपीची नळी) येते. लोक ती फेकून देतात किंवा उलटी घालतात, आणि मग रबराला शिव्या देतात. आयलेट खालून वर घालायची, म्हणजे तिची रुंद टोपी लाकडाच्या बाजूला येते. स्क्रूचं डोकं आयलेटच्या वरच्या कडेला टेकलं की थांबायचं. आयलेट बरोबर असेल तर त्यापुढे रबर दाबलंच जात नाही. स्क्रू लाकडाला घट्ट, सर्व्हो रबरात तरंगता. रबर बाजूंनी फुगलेलं दिसलं तर आयलेट नाही किंवा उलटी आहे. सर्व्होचं अंग लाकडाला कुठंही टेकता कामा नये; चारही बाजूंनी १ मि.मी. मोकळं ठेवा. स्टँडर्ड सर्व्होचं अंग साधारण ४० × २० मि.मी. असतं, तेव्हा दोन दांड्यांमध्ये ४२ मि.मी. ठेवा आणि वायरच्या बाजूच्या दांडीला खाच पाडा.

दांड्या विमानाच्या रुंदीत आडव्या लावा, म्हणजे सर्व्होची लांबी पुशरॉडच्या दिशेत येईल. लांबीच्या दिशेत स्क्रूंमधलं अंतर ४८ मि.मी.च्या आसपास, रुंदीच्या दिशेत जेमतेम १०. ओढ तीच असली तरी सर्व्हो रुंदीच्या दिशेत उपटला जात असेल, तर स्क्रूवर जवळजवळ पाचपट जोर येतो. जागेअभावी सर्व्हो आडवा ठेवण्याचा मोह होतो. थ्रॉटलला चालेल, एलिव्हेटरला कधीच नको.

आता सुटलेल्या दांड्या. १० × १० मि.मी.ची दांडी दोन्ही बाजूंच्या ३ मि.मी. भिंतींमध्ये नुसती टेकवून चिकटवली असेल, तर तो सांधा दांडीच्या कापलेल्या टोकावर आहे. तंतूंच्या टोकांवर गोंद शोषला जातो, पकड उरत नाही. काढून टाका. ३ मि.मी. प्लायचे ४० × २५ मि.मी.चे चार तुकडे घ्या, प्रत्येकात दांडी चपखल बसेल अशी यू आकाराची खाच कापा आणि ते भिंतींना आतून चिकटवा. भिंतीवरचा जुना गोंद आणि इंजिनाचं तेल आधी थिनरने पुसून, पॉलिशपेपरने घासून स्वच्छ करा. तेलकट बाल्सावर कोणताही इपॉक्सी बसत नाही. जुन्या इंजिनच्या विमानात पुढच्या बाजूचं लाकूड तेलाने काळं पडलेलं असतं. नखाने दाबलं तर मऊ लागलं, तर तो भाग कापून नवा घाला, चिकटवत बसू नका.

दांडीत भोक १.५ मि.मी.चं. स्क्रू दांडीच्या मधोमध यावा. कडेपासून ३ मि.मी.च्या आत आला तर दांडी उभी चिरते. स्क्रू खालून बाहेर डोकावतोय का तेही बघा, कारण त्याच्याखालून बऱ्याचदा रिसिव्हरची बॅटरी किंवा टाकीची नळी जाते.

प्रश्न: इकडे बीच, स्प्रूस ही परदेशी लाकडं काही मिळत नाहीत. कुरिअरने मागवावं तर लाकडापेक्षा भाडं जास्त. सागवान चालेल का? आणि फर्निचरचं प्लाय?
*(एक वाचक, ब्रह्मपुरी)*

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात राहून स्प्रूससाठी अडून बसायचं काही कारण नाही. सुताराच्या दुकानात पडलेल्या सागाच्या कापट्या चालतात. १० × १० मि.मी.ची १० सेंमी लांब सागाची दांडी साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरते, स्प्रूसची साडेचार. दोन ग्रॅमसाठी रडू नये. फक्त साग तेलकट असतो. घासलेला साग दोन दिवस ठेवून मग चिकटवला तर इपॉक्सी सोलून निघतो. पॉलिशपेपरने घासा, स्वच्छ फडक्याने थिनर पुसा, थिनर उडाला की लगेच चिकटवा. कोरडा साग स्क्रूने चिरतो, तेव्हा आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू लावू नका.

आमची पहिली पसंती मात्र शिवणीला. ती सागापेक्षा हलकी, सरळ, वाकत-पिळत नाही आणि गोंद चांगला धरते. मिळाली तर दोन-तीन वर्षांचा साठा करून ठेवा. बाभूळ बंडीला ठीक, विमानात फुकटचं वजन. बांबू ओढीला फार चांगला, पण स्क्रूला अजिबात नाही, तंतूंच्या बाजूने सरळ फाटतो. बांबू लावायचा तर दोऱ्याने आवळून त्यावर सीए सोडायचं.

फर्निचरच्या प्लायची अडचण वजनापेक्षा आतल्या पोकळीची आहे. स्वस्त प्लायच्या मधल्या थरात फटी असतात आणि स्क्रू नेमका त्या फटीत जातो. तुकडा कापल्यावर चारही कडा उजेडाकडे धरून बघा; काळी रेघ किंवा भोक दिसलं तर तो तुकडा सर्व्होला नको. दुकानात आयएस ३०३ आणि आयएस ७१० असे शिक्के दिसतात. घरातल्या साध्या फर्निचरसाठी लोक बहुधा ३०३चं एमआर (थोडीच ओल सोसणारं) नेतात. ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारं. पावसाळ्यात विमान गोठ्यात किंवा टिनाच्या खोलीत टांगून ठेवणार असाल, तर ७१०चा छोटा तुकडा मागून घ्या. एमआरची कड ओल धरून फुगते आणि आटे सुटतात.

प्रश्न: सर्व्हो स्क्रूने आवळला की कुरकुरतो, ढिला केला की गप्प. सर्व्हो खराब आहे का?
*(एक विद्यार्थी, पुसद)*

सर्व्हो चांगला आहे, बैठक वाकडी आहे. दोन कान एका पातळीत टेकत नाहीत; स्क्रू आवळले की सर्व्होचं कवच पिळलं जातं, गिअर आणि शाफ्ट आतून घासायला लागतात आणि मोटर त्याच्याशी भांडत राहते. असा सर्व्हो उभ्या उभ्या करंट खातो आणि तापतो. बैठकीवर काचेचा किंवा टाइलचा सपाट तुकडा ठेवून बघा, कुठं डुलतोय ते कळेल. उंच बाजू घासा, किंवा खालच्या कानाखाली पोस्टकार्डाच्या जाडीचा तुकडा घाला. दुसरी शक्यता: पुशरॉड तिरका येतो आणि सर्व्हो सुरू असताना एलेरॉन पूर्ण टोकाला जाऊन अडतो. पुशरॉड काढून परत बघा. तरीही कुरकुर असेल तर बैठकच.

प्रश्न: १.६ मीटरच्या बाल्सा विमानाच्या पंखात सर्व्हो झाकणावर आडवा बसवायचा आहे. ठोकळे दोनदा उचकटले. काय चुकतंय?
*(एक वाचक, आर्वी)*

बहुतेक ठोकळ्याच्या तंतूंची दिशा. सर्व्हो झाकणावर आडवा पडला की त्याचे कान उभे होतात आणि स्क्रू पंखाच्या लांबीच्या दिशेत ठोकळ्यात शिरतात. ठोकळ्याचे तंतूही पंखाच्या लांबीत असतील तर स्क्रू तंतूंच्या टोकात जातो. तिथं तो हाताने उपटून निघतो. तंतू झाकणापासून वर उभे ठेवले तर स्क्रू चांगला बसतो, पण ठोकळा झाकणाला आपल्या कापलेल्या टोकाने चिकटतो आणि मुळासकट सुटतो. तुमचे दोनदा ‘उचकटले’ म्हणजे बहुधा हेच. तंतू पंखाच्या पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे ठेवा. त्या दिशेत स्क्रू तंतूंना आडवा जातो आणि चिकटायची बाजूही तंतूंच्या अंगाची मिळते.

ठोकळा १२ × १२ × १५ मि.मी., लांब बाजू पुढून मागे. झाकण २ मि.मी. प्लायचं. तीस मिनिटांच्या इपॉक्सीने चिकटवा आणि झाकणाच्या बाहेरून प्रत्येक ठोकळ्यात एक बारीक, चपट्या डोक्याचा स्क्रू द्या. गोंद कधी सुटलाच तरी सर्व्हो पंखात राहील. ठोकळे चिकटवताना सर्व्हो मध्ये ठेवून माप घ्या, पण त्याला पातळ प्लास्टिक पिशवी गुंडाळा. झाकण पंखातल्या पट्ट्यांना किमान चार स्क्रूंनी धरा. झाकण मोठं आणि पातळ असेल तर ते ढोलकीच्या कातड्यासारखं दबतं. मग सहा स्क्रू लावा किंवा आतून एक आडवी काडी चिकटवा.

आणि आर्म पंखाच्या खालून बाहेर काढत असाल तर थांबा. आपल्याकडे विमान उतरतं ते सोयाबीन काढलेल्या नाहीतर तुरीची धसकटं असलेल्या वावरात. खालून बाहेर आलेला आर्म ढेकळाला अडतो, आणि गिअरचे दात जातात किंवा ठोकळा जातो. चाकं उंच नसतील तर आर्म पंखाच्या वरून काढा. दिसायला बरं नाही, पण सर्व्हो वाचतात.

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आहे. सर्व्होच्या बैठका पीएलएमध्ये (छपाईच्या एका प्लास्टिकमध्ये) छापल्या तर?
*(एक विद्यार्थी, वर्धा)*

हिवाळ्यात छान. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात ठेवलेल्या विमानाच्या पोटात तेवढं तापमान होतं, हे पहिल्या उत्तरात आलंच. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घ्या, ते ऐंशीच्या आसपास टिकतं. छापताना थर स्क्रूच्या दिशेला आडवे येतील अशी बैठक ठेवा, म्हणजे स्क्रू सगळे थर भेदून जाईल. स्क्रू दोन थरांच्या मध्ये समांतर घुसला तर बैठक पुस्तकासारखी उघडते. भिंती चार, भरण ४० टक्के पुरे. पीईटीजीला इपॉक्सी नुसता धरत नाही. चिकटायची बाजू खरखरीत करा आणि त्यात दोन-तीन आरपार भोकं ठेवा, गोंद त्यांतून पलीकडे जाऊन टाचणीच्या डोक्यासारखा अडकतो.

प्रश्न: प्रत्येक उड्डाणानंतर एलिव्हेटरचा ट्रिम (सरळ उडण्यासाठी ट्रान्समीटरवर दिलेली बारीक दुरुस्ती) बदललेला असतो. आज एक क्लिक वर, उद्या तीन खाली. सर्व्हो बदलला, तरी तेच.
*(एक वाचक, अचलपूर)*

सर्व्हो बदलायच्या आधी एक पेन्सिल पुरली असती. सर्व्होच्या प्रत्येक कानावरून शेजारच्या लाकडावर एक सरळ बारीक रेघ ओढा. आर्मवरून सर्व्होच्या अंगावर दुसरी, क्लेव्हिसवरून (पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यावरून) पुशरॉडवर तिसरी. एक उड्डाण करा आणि उतरल्यावर कोणती रेघ तुटली ते बघा. कानाची तुटली तर बैठक, आर्मची तुटली तर आर्मचा मधला स्क्रू किंवा खाचा, क्लेव्हिसची तुटली तर त्याचे आटे.

रेघा जागेवर असतील तर दुसरी तपासणी. ट्रान्समीटर आणि रिसिव्हर चालू ठेवा, प्रॉपेलर काढून ठेवा. एका हाताने एलिव्हेटरची मागची कड वर-खाली हलकी ढकला, पण नजर एलिव्हेटरवर नको, सर्व्होच्या कानाजवळ ठेवा. लाकूड आणि कान यांच्यामधली फट उघडझाप करताना दिसली तर बैठक सैल. सर्व्हो आणि लाकूड एकत्र हलले तर पाटी फोमपासून किंवा भिंतीपासून सुटली आहे. हे बाहेरून कळत नाही आणि सगळ्यांत धोक्याचं हेच. आर्म सर्व्होवर हलला पण अंग स्थिर असेल तर गिअरमधली ढिलाई. दोन्ही स्थिर आणि तरीही कड हलते, तर पुशरॉड मध्येच वाकतोय. त्याला अर्ध्यात एक नळीचा आधार द्या.

रेघा तुटलेल्या नाहीत आणि काहीच हलत नाही, तरीही ट्रिम बदलतो, असं झालं तर विमान उन्हात आणि सावलीत ठेवून एलिव्हेटरची जागा मोजा. प्लास्टिकची बाहेरची नळी उन्हात लांब होते आणि आतला तारेचा पुशरॉड तेवढा होत नाही. मीटरभर लांब नळी असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. नळी प्रत्येक फॉर्मरला (पोटातल्या आडव्या चौकटीला) चिकटवलेली आहे का ते बघा. अशी ढिलाई ठेवून विमान सूर मारून खाली आणू नका. वेग वाढला की ढिला एलिव्हेटर फडफडतो, आणि ती फडफड सुरू झाल्यापासून शेपटी तुटेपर्यंत थ्रॉटल ओढायला वेळ मिळत नाही.

प्रश्न: जुन्या विमानातले ग्लू गनने चिकटवलेले सर्व्हो काढायचे आहेत. ओढले तर फोम फाटतो.
*(एक वाचक, कारंजा)*

ओढू नका. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल (सर्जिकल स्पिरिट चालेल, सॅनिटायझरनेही होतं पण वेळ लागतो) इंजेक्शनच्या सुईने गोंदाच्या कडेला चार-पाच थेंब सोडा. अर्धा-एक मिनिट थांबा. ते गोंद आणि प्लास्टिकच्या मध्ये शिरतं आणि गोंदाची पकड सुटते. कोपऱ्यात नख घातलं की अख्खी चकती निघून येते. फोमला काही होत नाही. थिनर किंवा अॅसिटोन चुकूनही वापरू नका, फोम विरघळून जाईल. वायर जिथं सर्व्होत शिरते तिकडून थेंब सोडू नका आणि सर्व्हो पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे किमान दोन तास, बॅटरी जोडू नका. कानांत अडकलेला गोंद टूथपिकने खरवडून काढा, नाहीतर नव्या पाटीवर कान सपाट बसणार नाहीत आणि वरच्या विद्यार्थ्याची कुरकुर तुमच्या वाट्याला येईल.